इंडेक्स, कॅशे की स्टेजिंग? गिटच्या मराठी डॉक्युमेंटेशनमधले शब्द एकदाचे ठरवूया

अर्धवट_कमिट
मंडळी, टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एक मराठी मार्गदर्शक लिहायला घेतलंय. वीसेक पानं झाली, काल पहिल्यापासून वाचत बसलो आणि घामच फुटला. एकाच गोष्टीला (पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पुढच्या पक्क्या नोंदीत, काय जाणार ते जिथे जमतं तिला) चौथ्या पानावर इंडेक्स म्हटलंय, सातव्यावर स्टेजिंग एरिया आणि अकराव्यावर कॅशे. आता यात सगळा दोष माझा नाही, मूळ मॅन्युअलमध्येच ही तिन्ही नावं नांदतायत. गिट ॲडचं पान उघडलं तर तिथे इंडेक्स, स्टेटस टाकला तर तो म्हणतो चेंजेस नॉट स्टेज्ड, आणि ॲड केलेलं बघायचं असेल तर गिट डिफ --कॅश्ड. नवीन माणसाला वाटतं तीन वेगवेगळ्या जागा आहेत.

धागा काढायचं खरं कारण वेगळंच आहे. मसुद्यात एका ठिकाणी मी लिहिलं होतं "चुकून ॲड झाल्यास इंडेक्स पूर्ववत करा". एका पोराने ते वाचलं, माझ्याच डॉक्युमेंटमध्ये "पूर्ववत" शोधलं, त्याला पान १४ वर गिट रीसेट --हार्ड सापडलं, त्याने ते चालवलं. अर्ध्या दिवसाचं काम गेलं बिचाऱ्याचं. तो काही बोलला नाही पण मला फार लागलं ते. तर शब्द कसे ठरवायचे, काय भाषांतरित करायचं आणि काय तसंच ठेवायचं, सांगा.

रात्रपाळी
त्या पोराला आधी सांगा की सगळं गेलेलं नसेल. ॲड केलेल्या फाइलींचा मजकूर त्याच क्षणी गिटच्या साठ्यात ब्लॉब (नाव नसलेला नुसता मजकूर) म्हणून लिहिला जातो, रीसेट --हार्डने तो पुसला जात नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी उरत नाही. गिट एफएससीके (fsck) --लॉस्ट-फाउंड चालवा, डॉट गिट फोल्डरमध्ये लॉस्ट-फाउंड आणि त्याच्या आत अदर अशी डिरेक्टरी तयार होईल, त्यात अनाथ ब्लॉब पडलेले असतील. फाइलींची नावं नसतील, मजकूर बघून ओळखावं लागेल. ज्या बदलांना ॲडच केलं नव्हतं ते मात्र गेले, त्यांच्यासाठी एडिटरची लोकल हिस्टरी असेल तर बघा.

अर्धवट_कमिट
सापडलं!! चार फाइली मिळाल्या त्यातल्या. त्याचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. धन्यवाद राव.

जुना_एसव्हीएनवाला
बरं झालं. आता मूळ प्रश्न. तीन नावं का, याचं उत्तर इतिहासात आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं, लिनक्सचा कोड ज्यात सांभाळला जायचा त्या बिटकीपरचा फुकट वापर बंद झाला म्हणून, तेव्हा ही गोष्ट खरोखर एक कॅशेच होती. डिरेक्टरी कॅशे. फाइलींची यादी, त्यांच्या वेळा, त्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे), म्हणजे दरवेळी सगळी झाडाझडती घ्यायला नको. ती ज्या फाइलीत साठते तिचं नाव इंडेक्स. स्टेजिंग हा शब्द नंतर शिकवणाऱ्या लोकांनी रुळवला कारण "कॅशेमध्ये टाका आणि मग कमिट करा" हे कोणाच्या डोक्यात शिरेना. आणि मग जुनं काही काढता येत नाही, लोकांच्या स्क्रिप्ट मोडतील, म्हणून --कॅश्ड तसंच राहिलं आणि --स्टेज्ड त्याच्या शेजारी येऊन बसलं. गिट स्टेज नावाची कमांडसुद्धा आहे, गिट ॲडचंच दुसरं नाव, कुणी वापरताना बघितलं नाही तो भाग वेगळा.

दुरुस्ती_सुचवतो
थोडी पुस्ती. --कॅश्ड आणि --इंडेक्स हे ऑप्शन म्हणून समानार्थी नाहीत. गिट अप्लाय --कॅश्ड म्हणजे पॅच (बदलांची फाइल) फक्त इंडेक्सला लावा, कामाच्या फाइलींना हात लावू नका. गिट अप्लाय --इंडेक्स म्हणजे दोन्हीकडे लावा. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, कमांड-लाइनच्या पानावर. त्यामुळे "तिन्ही शब्द एकच" असं सरसकट छापू नका. जागा एकच, ऑप्शनचे अर्थ वेगळे.

शब्दखोर
माझं मत स्पष्ट आहे, मराठीत लिहिताय तर मराठी शब्द आणा. इंडेक्सला "सूची", कमिटला "नोंद", ब्रांचला, म्हणजे कामाच्या वेगळ्या वाटेला, "शाखा", रिपॉझिटरीला "भांडार", मर्जला "विलीनीकरण". आपणच इंग्रजी शब्द वापरत राहिलो तर भाषा वाढणार कशी?

रात्रपाळी
विलीनीकरणात संघर्ष उद्भवला असून कृपया शाखेच्या टोकाची नोंद भांडारात ढकला. 😄

शब्दखोर
चेष्टा सोपी असते हो. टंकलेखन, संगणक या शब्दांनाही लोक हसलेच होते.

लेखणीवाली
शब्दखोर, तुमचा मुद्दा मला पटतो पण इथे एक अडचण आहे. मी काही वर्षं सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितेय. वाचणाऱ्याला शेवटी काळ्या खिडकीत कमिटच टाईप करायचंय आणि एरर येणार तीही कमिट म्हणूनच येणार. मॅन्युअलमध्ये "नोंद" वाचलेला माणूस एरर बघून ती कुठल्या पानावर शोधणार? माझा नियम असा की जो शब्द बोटांनी टाईप होतो किंवा स्क्रीनवर दिसतो तो तसाच ठेवायचा, पण त्याचं स्पष्टीकरण मात्र रोजच्या मराठीत द्यायचं. त्यामुळे "सूची" चूक नाही, फक्त ते नाव म्हणून नको, ओळख म्हणून चालेल. "इंडेक्स म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय काय जाणार त्याची तयार यादी."

आणि अर्धवट, तुमचं खरं दुखणं इंडेक्सचं नाहीच आहे. ते "पूर्ववत"चं आहे. रीसेट, रिस्टोअर, रिव्हर्ट, तिन्ही कमांडना तुम्ही एकच मराठी क्रियापद दिलंत. इंग्रजीत एका वस्तूला तीन नावं होती, तुम्ही उलटं केलंत, तीन वस्तूंना एक नाव. हे जास्त घातक. पहिल्यात वाचणारा गोंधळतो, दुसऱ्यात त्याचं काम जातं.

अर्धवट_कमिट
हो ताई. खरंय. लिहिताना लक्षातच आलं नाही, मराठी वाक्य छान जमलं म्हणून खूश होतो.

लेखणीवाली
अहो माझंही झालंय तसं. गिटच्या स्वतःच्या मुख्य पानावर या तिघांतला फरक सांगणारा वेगळा भाग ठेवावा लागलाय, म्हणजे इंग्रजी वाचणारेही तिथेच आपटतात. मी अशी मांडणी करते: रिव्हर्ट जुनं काही पुसत नाही, एका कमिटचा उलटा परिणाम करणारी नवीन कमिट तयार करतो, म्हणून लोकांपर्यंत पोचलेल्या ब्रांचवर हाच वापरा. रिस्टोअर फाइलींपुरता आहे, इतिहासाला हात लावत नाही. रीसेट ब्रांचचं टोकच हलवतो, आणि सोबत इंडेक्स आणि कामाच्या फाइली हलवायच्या का ते --सॉफ्ट, --मिक्स्ड, --हार्ड यावरून ठरतं. काहीच दिलं नाही तर --मिक्स्ड, म्हणजे इंडेक्स बदलेल, फाइली नाही. प्रत्येक कमांडखाली मी एक ठरलेली ओळ टाकते, "यात काय जाऊ शकतं". रिव्हर्टखाली: काही नाही. रिस्टोअरखाली: त्या फाइलीतले स्टेज न केलेले बदल. रीसेट --हार्डखाली: कमिट न केलेलं सगळं, लाल अक्षरात.

दुरुस्ती_सुचवतो
"सगळं" नाही. अनट्रॅक्ड फाइलींना (ज्या कधी ॲडच केल्या नाहीत) रीसेट --हार्ड सहसा हात लावत नाही, त्या तशाच पडून राहतात. त्या उडवायला गिट क्लीन. (अनट्रॅक्ड फाइल एखाद्या ट्रॅक्ड फाइलीच्या वाटेत येत असेल तर उडते, पण ते क्वचित.)

लेखणीवाली
बरोबर, "ट्रॅक्ड फाइलींमधलं कमिट न केलेलं सगळं" असं करते. नाव सार्थ आहे तुमचं.

जुना_एसव्हीएनवाला
रिव्हर्टवरून आठवलं. आमच्यासारखे सबव्हर्जन (एसव्हीएन) या जुन्या सॉफ्टवेअरवरून आलेले लोक सगळ्यात जास्त इथेच फसले. एसव्हीएन रिव्हर्ट म्हणजे माझ्या फाइलीतले न पाठवलेले बदल टाकून दे. गिटमध्ये ते काम रिस्टोअरचं. मर्क्युरियल या गिटसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही रिव्हर्ट फाइलींवरच चालतो आणि गिट रिव्हर्टच्या कामाला तिथे बॅकआउट म्हणतात. चेकआउट घ्या, एसव्हीएनमध्ये चेकआउट म्हणजे सर्व्हरवरून पहिल्यांदा कामाची प्रत आणणं, गिटमध्ये त्याला क्लोन. ॲड घ्या, एसव्हीएनमध्ये फाइलीच्या जन्मात एकदाच ॲड करायची, गिटमध्ये दर बदलाला. आणि सगळ्यात कहर म्हणजे पुल. मर्क्युरियलचा पुल म्हणजे नुसतं आणून ठेवणं, गिटच्या फेचसारखं. आणि मर्क्युरियलसोबत येणारं फेच नावाचं एक एक्स्टेन्शन आहे ते आणून मर्ज पण करतं, म्हणजे गिटच्या पुलसारखं. बरोब्बर उलट! दोन्ही २००५ च्याच एप्रिलमधली भावंडं, एकाच बिटकीपरच्या भांडणातून जन्मलेली.

म्हणून माझी सूचना, "एसव्हीएनवरून येणाऱ्यांसाठी" एक वेगळं पान करा. त्यांना गिट नव्याने शिकवायचं नसतं, जुनं विसरायला लावायचं असतं, आणि ते जास्त अवघड.

नवखी
नमस्कार, मी आठ महिने गिट वापरतेय, बहुतेक वेळा पाठ केलेल्या चार कमांडवरच. ॲड दर बदलाला करायची हे वाचून आत्ता ट्यूब पेटली. मी फाइल ॲड केली, मग त्यात अजून एक ओळ सुधारली आणि कमिट केली, तर कमिटमध्ये जुनीच ओळ गेली होती. मला वाटलं एडिटरने सेव्हच केलं नाही. म्हणजे ॲड करताना फाइलीचं नाव नाही तर त्या क्षणाचा मजकूर आत जातो?

लेखणीवाली
अगदी. आणि तुम्ही आत्ता जे वाक्य लिहिलंत ना ते जसंच्या तसं अर्धवटांनी मार्गदर्शकात टाकावं. "ॲड करताना फाइलीचं नाव नाही, त्या क्षणाचा मजकूर आत जातो." मला इतकं नेमकं कधी सुचलं नसतं.

अर्धवट_कमिट
टाकलं. पान ४, पहिली ओळ.

आता पुढचं. "हेड". इंग्रजी मॅन्युअलमध्ये मोठ्या लिपीतला हेड वेगळा आणि छोट्या लिपीतला वेगळा. मोठा म्हणजे मी आत्ता जिथे आहे ते, छोटा म्हणजे कुठल्याही ब्रांचचं टोक. देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी हा प्रकारच नाही!! माझ्या मसुद्यात एक वाक्य आहे "हेड हा सहसा एका हेडकडे बोट दाखवतो". वाचून मलाच हसू आलं.

रात्रपाळी
हेडचा हेडेक.

शब्दखोर
इथे तरी माझं ऐका. छोट्या हेडला "ब्रांचचं टोक" म्हणा, मोठा तेवढा "हेड". छोटा हेड टाईप करावा लागत नाही, तेव्हा ताईंच्या नियमातही बसतं.

लेखणीवाली
बसतं! मस्त. आणि यामुळे डिटॅच्ड हेडही सोपा होतो. एरवी हेड ब्रांचच्या नावाला धरून असतो, डिटॅच्डमध्ये तो ब्रांचचा हात सोडून थेट कमिटवर बसतो. तिथे केलेल्या कमिट कुठल्याच टोकाला बांधलेल्या नसतात, म्हणून निघताना गिट स्विच -सी देऊन ब्रांच करून घ्या. लोक त्या लांबलचक संदेशाला एरर समजून घाबरतात, ती नुसती स्थिती आहे.

दुरुस्ती_सुचवतो
ब्रांच न करता निघालात तरी लगेच काही हरवत नाही. रेफलॉगमध्ये (हेड कुठे कुठे फिरला त्याच्या वहीत) नोंद असते, आणि अशा कुठूनही न पोचता येणाऱ्या कमिटच्या नोंदी डीफॉल्टने ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९० दिवस.

नवखी
ट्रॅक बद्दल पण लिहाल का? ट्रॅक्ड फाइल, ट्रॅकिंग ब्रांच, रिमोट-ट्रॅकिंग ब्रांच. मला हे तिन्ही एकाच खानदानातले वाटायचे.

जुना_एसव्हीएनवाला
नुसते आडनावबंधू आहेत, नातं काही नाही. ट्रॅक्ड फाइल म्हणजे जी गिटला माहीत आहे, इंडेक्समध्ये आहे. रिमोट-ट्रॅकिंग ब्रांच म्हणजे ओरिजिन/मेन सारखं नाव, सर्व्हरवरची ब्रांच शेवटच्या भेटीत कुठे होती त्याची आपल्याच मशीनवरची खूण. आणि आपली मेन ब्रांच कुणाशी जोडलीय ते म्हणजे तिचं अपस्ट्रीम, त्यालाच बोलताना लोक ट्रॅकिंग म्हणतात. अपस्ट्रीमलाही अजून एक अर्थ आहे, ज्या प्रोजेक्टवरून आपण फोर्क केलं (आपली वेगळी प्रत काढली) ते मूळ प्रोजेक्ट. मी तर लिहिताना "ट्रॅकिंग ब्रांच" हा शब्द पूर्ण टाळतो. एकतर "रिमोट-ट्रॅकिंग" पूर्ण लिहायचं नाहीतर "अमुक ब्रांचचं अपस्ट्रीम".

रात्रपाळी
आणि कृपया, कृपया हे ठळक टाका: स्टेटस जेव्हा म्हणतो की तुमची ब्रांच ओरिजिन/मेनशी अप टू डेट आहे, तेव्हा तो सर्व्हरला विचारत नाही!! तो त्या खुणेशी तुलना करतोय. खूण परवाची असेल तर उत्तरही परवाचं. रात्री दोन वाजता "स्टेटस तर अप टू डेट दाखवतोय, मग तुझा बदल माझ्याकडे का नाही" हे मी किती जणांना समजावलंय याला गणती नाही. आधी फेच, मग स्टेटस.

अर्धवट_कमिट
मी लिहिलं होतं "स्टेटस तुमची ब्रांच सर्व्हरशी जुळते का ते तपासतो". खोडतोय. नवीन: "शेवटच्या फेचला सर्व्हर जसा दिसला त्याच्याशी जुळवून बघतो".

शब्दखोर
मर्ज किंवा रिबेसमध्ये दोन बाजू भिडल्या की गिट त्यांना अवर्स आणि थेअर्स म्हणतो, त्यांचं काय केलंत? मराठीला इथे फायदा आहे. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत.

अर्धवट_कमिट
तिथे "आपलं" आणि "त्यांचं" लिहिलंय. मर्जला ठीक जातं. रिबेसला सगळं उलटं होतं, मग खाली टीप दिलीय की रिबेसमध्ये आपलं म्हणजे त्यांचं आणि त्यांचं म्हणजे आपलं. मलाच वाचवत नाही.

लेखणीवाली
कारण सांगितलं नाही की टीप ही सूचना राहत नाही, कोडं होतं. रिबेसमध्ये गिट आधी समोरच्या ब्रांचच्या टोकावर जाऊन उभा राहतो आणि तुमच्या कमिट एकेक करून तिथे पुन्हा लावतो. अवर्स म्हणजे कायम "आत्ता पाय जिथे रोवलेत ती बाजू", थेअर्स म्हणजे "जी येऊन चिकटतेय ती". मर्जमध्ये पाय तुमच्या ब्रांचवर, रिबेसमध्ये पाय त्यांच्यावर आणि येणारी कमिट तुमची. गिटने काही उलटं केलेलं नाही, आपण उभं राहायची जागा बदलली. त्यामुळे आपलं-त्यांचं हे शब्दच नकोत, त्यात मालकी येते. "उभी बाजू" आणि "येणारी बाजू" म्हणा.

शब्दखोर
उभी बाजू, येणारी बाजू. वा. हे मान्य. "आपण" परत घेतो.

दुरुस्ती_सुचवतो
इग्नोरबद्दल कुणीच बोललं नाही. गिटइग्नोर फक्त अनट्रॅक्ड फाइलींना लागू होतो. आधीच ट्रॅक्ड असलेली फाइल त्यात टाकून काही होत नाही, तिला गिट आरएम --कॅश्डने इंडेक्समधून काढावं लागतं. आणि ती कमिट जेव्हा बाकीचे पुल करतील तेव्हा त्यांच्या डिस्कवरून ती फाइल उडेल, कारण त्यांच्यासाठी ते साधं डिलीटच आहे. कॉन्फिगच्या फाइलींबाबत हे लक्षात ठेवा. "इग्नोर" ऐवजी निदान एकदा "ट्रॅक करायला सुचवू नकोस" असा खुलासा द्या, लोक इग्नोर म्हणजे "बदल दुर्लक्षित कर" समजतात.

रात्रपाळी
विषयांतर पण राहवत नाही. पोर्सेलीन. गिटमध्ये आतल्या कमांडना प्लंबिंग आणि माणसांनी वापरायच्या कमांडना पोर्सेलीन म्हणतात, संडासाचं भांडं आणि मागचे पाइप, असा तो विनोद. मग गिट स्टेटस --पोर्सेलीन म्हणजे माणसांसाठी छान आउटपुट असेल ना? नाही. ते स्क्रिप्टसाठी आहे, व्हर्जन बदललं तरी न बदलणारं. ज्याने ठेवलं त्याला कोपरापासून नमस्कार.

अर्धवट_कमिट
हे मार्गदर्शकात नाही टाकत 😄

एक फार बालिश प्रश्न राहिलाय, हसू नका. तो कमिट, ती कमिट की ते कमिट? वीस पानांत तिन्ही सापडले.

जुना_एसव्हीएनवाला
आमच्याकडे तो कमिट.

रात्रपाळी
ती. "कमिट मारली" असंच म्हणतात सगळे.

नवखी
मी "ते" म्हणते, ते कमिट केलेलं. आता शंका यायला लागली.

लेखणीवाली
बालिश नाही, उलट हे ठरवल्याशिवाय "ती हलवली" म्हणजे कमिट हलवली का ब्रांच हलवली ते वाक्यातून कळतच नाही. ब्रांच स्त्रीलिंगी सगळेच म्हणतात, त्यात दुमत नाही. मग कमिट नपुंसकलिंगी ठेवली तर सर्वनामं तरी वेगळी राहतील: "ब्रांच हलवली की ती नवीन कमिटकडे बघते, जुनं कमिट तिथेच राहतं". मी स्वतः इतका वेळ "ती कमिट" लिहितेय हे मला दिसतंय, बोलताना रात्रपाळींच्याच बाजूची आहे. पण डॉक्युमेंटमध्ये "ते".

अर्धवट_कमिट
ठरलं, ते कमिट. इंडेक्स एवढंच नाव सगळीकडे, स्टेजिंग आणि कॅश्ड फक्त पान ४ वर "या नावांनीही भेटेल" म्हणून. आणि चेकआउटच्या जागी सगळीकडे स्विच आणि रिस्टोअर करतोय, २०१९ च्या २.२३ पासून ते आहेतच आणि चेकआउट एकाच नावाने ब्रांचही बदलतो आणि फाइलीतले बदलही उडवतो, नव्या माणसाच्या हातात ते नकोच.

फक्त रिस्टोअरला एक खुलासा लागेल ना? नुसता रिस्टोअर फाइल कुठून आणतो, शेवटच्या कमिटमधून की इंडेक्समधून?

दुरुस्ती_सुचवतो
इंडेक्समधून. --स्टेज्ड दिलं तर हेडमधून इंडेक्समध्ये आणतो, कामाच्या फाइलीला हात लावत नाही. तुमच्या त्या पोराला हवं होतं ते हेच, गिट रिस्टोअर --स्टेज्ड.

नवखी
आणि अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवायचा स्टॅश? ती चौथी जागा का? की इंडेक्सच्याच आत?

रात्रपाळी
वेगळी जागा नाही. स्टॅश आतून कमिटच असतं, फक्त कुठल्या ब्रांचवर नसतं. पण साध्या स्टॅशमध्ये अनट्रॅक्ड फाइली जात नाहीत, त्या तिथेच राहतात. त्यांनाही न्यायचं असेल तर -यू लावा.

अर्धवट_कमिट
"यात काय जाऊ शकतं" ची ओळ स्टॅशखाली पण टाकली. पान १४ त्या पोरालाच वाचायला दिलंय, तो म्हणाला लाल अक्षरं अजून मोठी करा.